शिमोग्याच्या डॉक्टरीणबाई

म्हैसूर शहरातील नजरबाद हा भाग टिपू सुलतानाच्या कारकिर्दीची आठवण बाळगून आहे. वाडियार राजांचा जुना किल्ला पाडून त्याचे दगड टिपूने जवळच्याच जागी नेले व तेथे नवा किल्ला बांधावयास घेतला. त्या जागेस नजरबाद हे नाव मिळाले. १७९९ मध्ये टिपू पडला आणि तेच दगड पुनः जुन्या किल्ल्याच्या कामी परत आले. मराठी कानाला 'नजरबाद' म्हटले की 'नजरकैद' आठवते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने या आठवणीला काही अर्थ नाही. परंतु, वाचकहो, ज्या समाजातील एका स्त्रीची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे, त्या समाजाच्या मुंबईतील इतिहासाच्या आरंभीही टिपूची कैदच आहे.

सॅम्युएल इझिकेल दिवेकर, ऊर्फ सामाजी हसाजी, हे इंग्रजांच्या पलटणीतील एक देशी अंमलदार. दुसऱ्या म्हैसूर-युद्धात ते टिपूच्या हाती सापडले. बेने इस्रायल समाजात अशी कथा सांगतात की, कैद्यांची चौकशी चालू असता टिपूच्या आईने त्यांची जात विचारली. 'बेने इस्रायल', म्हणजे इस्रायलची लेकरे, हे उत्तर ऐकताच, ज्यांचा उल्लेख कुराणात आहे तेच हे लोक, असे म्हणून तिने त्यांना जीवदान देवविले. कथेतील प्रत्येक शब्द खरा धरण्याचे कारण नाही. परंतु दिवेकर सुटून मुंबईस परतले व १७९६ मध्ये मांडवी भागात त्यांनी आपल्या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले, हा इतिहास आहे. लोक त्याला मशीदच म्हणत, आणि आगगाडीचे 'मशीद' हे स्थानक आपले नाव त्या मंदिरापासूनच घेते असे सांगितले जाते. मुंबईतील सॅम्युएल स्ट्रीटलाही त्यांचेच नाव मिळाले.

हे बेने इस्रायल म्हणजे कोकणातील यहुदी. फार पूर्वी अलिबागजवळच्या नवगाव येथे एक गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या मूठभर माणसांपासून आपला वंश वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. कुलाबा जिल्ह्यात ते तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी मात्र घाण्याला बैल जुंपीत नसत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. आडनावे गावांवरून: दिव्याचे ते दिवेकर, किहीमचे ते किहीमकर. भाषा मराठी, लुगडे मराठी, गळ्यात मंगळसूत्र. नवस फेडताना पोहे, ओले खोबरे, साखर व फळे घातलेले मलिद्याचे ताट मध्ये ठेवून एलियाहू हन्नाबीचे नाव घ्यावयाचे. पुढे पलटण, रेल्वे, टपाल, बांधकाम अशा खात्यांच्या नोकऱ्यांनी या कुटुंबांना दूरदूर नेले. कोणी कराचीस गेले, कोणी एडनला, कोणी म्हैसूर संस्थानात.

अलिबागजवळ झिराड नावाचे गाव आहे. ते आडनाव लावणाऱ्या एका कुटुंबात, म्हैसूर संस्थानातील शिमोगा येथे १८९० च्या सुमारास जेरुशा ही मुलगी जन्मली. कर्नाटकातील मलनाडच्या पावसात जन्मलेल्या या मुलीला शिक्षणासाठी पाठविले ते पुण्यास, हुजूरपागेच्या शाळेत. न्यायमूर्ती रानडे प्रभृतींच्या प्रयत्नाने १८८४ मध्ये निघालेल्या या शाळेत मुलींच्या राहण्याची सोय होती. त्या काळी मुलीला घरापासून इतक्या दूर शिकावयास ठेवणे ही आईबापांच्या धैर्याची गोष्ट होती, आणि मोठ्या माणसांच्या चरित्रांत या धैर्याला बहुधा एक ओळही मिळत नाही. याच शाळेत बेने इस्रायल समाजाच्या रिबेका रूबेन या शिकल्या, आणि १९०५ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात त्या पहिल्या आल्या. मुलगी पहिली येण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

जेरुशाने डॉक्टर व्हावयाचे ठरविले त्याला कारण घरातील आजार. तिची बहीण अत्यवस्थ झाली, तिला मुंबईच्या कामा इस्पितळात आणले आणि तेथील मुख्य डॉक्टर अ‍ॅनेट बेन्सन यांच्या हातून ती बरी झाली. कामा इस्पितळ हे पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून १८८६ मध्ये सुरू झालेले. रोगी स्त्रियाच, आणि त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरही स्त्रियाच. पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा न दाखविणाऱ्या घरांतील स्त्रियांसाठी त्याचे दार उघडे होते. त्याच्या पहिल्या प्रमुख एडिथ पीची या विलायतेत वैद्यकाच्या वर्गात बसू द्यावे म्हणून झगडलेल्या सात विद्यार्थिनींपैकी एक. बाईने बाईला बरे केलेले एका शाळकरी मुलीने पाहिले आणि आपणही हेच करावे असे तिने मनाशी धरले.

ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९१२ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. (येथून पुढे 'ती' म्हणणे बरे नव्हे.) प्रसूतिशास्त्राचे उच्च शिक्षण मात्र येथे मिळण्यासारखे नव्हते, त्यासाठी लंडनला जावयास हवे होते आणि पैसा हवा होता. १९१४ मध्ये, म्हणजे नेमकी महायुद्धाची ठिणगी पडली त्या वर्षी, त्या लंडनला गेल्या. हिंदुस्थान सरकारची जी शिष्यवृत्ती तोवर पुरुषांनाच मिळत आलेली होती, ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. लंडनच्या ज्या महिला वैद्यक विद्यालयात त्या शिकल्या, ते एडिथ पीचींच्याच लढ्यातील सहकारी सोफिया जेक्स-ब्लेक यांच्या पुढाकाराने १८७४ मध्ये निघालेले, आपल्या डॉ. रखमाबाईही तेथेच शिकल्या होत्या. युद्धाची सगळी वर्षे त्या परक्या शहरात काढून १९१९ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची प्रसूति व स्त्रीरोगशास्त्रातील एम. डी. ही पदवी घेतली. ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री.

परत आल्यावर थोडे दिवस दिल्लीचे लेडी हार्डिंग इस्पितळ, आणि मग काही वर्षे बंगळूरचे प्रसूति-रुग्णालय. जन्मभूमीच्या संस्थानाला त्यांच्या विद्येचा पहिला लाभ असा मिळाला. पुढे त्या मुंबईस आल्या आणि ज्या कामा इस्पितळात बहीण बरी झाली होती, त्याच्याच प्रमुख झाल्या. या जागेवर तोवर विलायतेहून आलेल्या डॉक्टरीणबाईच बसत आल्या होत्या. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून १९४७ पर्यंत ती जबाबदारी त्यांनी वाहिली.

त्यांनी लग्न केले नाही. 'कुटुंब' हा शब्द आपण किती अरुंद अर्थाने वापरतो, हे अशा वेळी ध्यानात येते. आपल्या समाजाच्या संसारात त्यांचे लक्ष किती होते हे पाहावे. डॉक्टर होऊन वर्ष होते न होते तोच, १९१३ मध्ये, त्यांनी बेने इस्रायल स्त्रियांचे 'स्त्री मंडळ' काढले. घराबाहेर चार बायकांनी एकत्र बसावे, बोलावे, शिकावे, एवढाच आरंभ. पण ज्यांना बायकांच्या सभेचा अनुभव आहे त्यांना हा 'एवढाच' किती मोठा असतो ते सांगावयास नको.

दुसरे काम अधिक अवघड, कारण ते धर्माच्या घरातले होते. यहुदी प्रार्थनामंदिरात जुन्या रिवाजाप्रमाणे पुरुष खाली व स्त्रिया वरच्या सज्जात बसतात. प्रार्थना हिब्रूत होते, आणि कोकणातून आलेल्या मराठी घरांतील पुष्कळ स्त्रियांना ती भाषा केवळ कानाने परिचित, अर्थाने नव्हे. लंडनमध्ये असता झिराडबाईंचा परिचय क्लॉड माँटेफिअरी व लिली माँटेग्यू यांच्या उदारमतवादी यहुदी पंथाशी झाला होता. त्या पंथाच्या मंदिरात स्त्रीपुरुष एकत्र बसत, समजेल अशा भाषेत प्रार्थना म्हणत, आणि लिली माँटेग्यू या तर स्वतः प्रवचन करीत. १९२५ मध्ये झिराडबाई व त्यांच्या भगिनी लीया यांनी मुंबईत 'ज्यूइश रिलिजस युनियन' ही संस्था स्थापली. मुळात लहान असलेल्या समाजात आणखी एक वेगळे मंदिर निघाले की मने दुखावतात. जुन्यांना यात फूट दिसते आणि नव्यांना उशीर. दोन्ही बाजूंचे म्हणणे समजण्याजोगे आहे. पण बाईंनी जुन्या मंदिराचे दार बंद करा असे म्हटले नाही. ज्या बाईला प्रार्थनेचा अर्थ हवा आहे तिच्यासाठी दुसरे एक दार उघडले. माझ्या मते सुधारणेची ही रीत, वादात जिंकण्याच्या रीतीपेक्षा, घराघरांत अधिक टिकते.

मानसन्मानांची यादी देऊन जागा अडवीत नाही. एवढेच नोंदवितो की स्त्री-डॉक्टरांच्या अखिल भारतीय संघटनेची धुरा स्वातंत्र्यानंतर त्यांच्याकडे होती. प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थांचा देशव्यापी महासंघ १९५० मध्ये झाला, त्याच्या आरंभीच्या अध्यक्षांत त्या होत्या. आणि १९६६ मध्ये भारत सरकारने त्यांना 'पद्मश्री' दिली. त्यांच्या डोळ्यांदेखत समाज पांगला. १९५१ च्या शिरगणतीत देशात सुमारे २६ हजार यहुदी होते; पुढल्या वर्षांत बोटी आणि विमाने भरभरून कुटुंबे इस्रायलला गेली, आणि २०११ च्या शिरगणतीत ही संख्या पाच हजारांच्याही आत आलेली दिसते. झिराडबाई येथेच राहिल्या. नव्वदी ओलांडल्यावर, १९८० च्या दशकात त्यांचा अंत झाला.

त्यांच्या एका कामाविषयी मात्र आपणांशी सविस्तर बोलावयाचे आहे, कारण ते पूर्ण झालेले नाही.

इंग्रजी अहवालांचे भाषांतर करताना आम्ही 'मातामृत्यू' असा शब्द लिहितो. शब्द नीटनेटका आहे, कोष्टकाच्या रकान्यात बसतो. घरात हा शब्द कोणी वापरीत नाही. घरात म्हणतात, 'बाळंतपणात गेली.' आणि त्यानंतर जो सुस्कारा येतो त्यात 'तिचे तेवढेच होते' हे शब्द न बोलता सांगितले जातात. आजीच्या तोंडची म्हण होती की, बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म. म्हण खरी होती म्हणूनच ती भयंकर होती. भोर समितीने १९४६ मध्ये जो अंदाज दिला त्याप्रमाणे दर हजार जन्मांमागे सुमारे २० माता दगावत. साऱ्या देशात वर्षाकाठी दोन लाख. हा आकडा आपल्या आज्यापणज्यांच्या पिढीचा आहे. आपल्यापैकी अनेकांच्या वंशावळीत 'प्रथम पत्नी' आणि 'द्वितीय पत्नी' अशा ज्या दोन रेघा दिसतात, त्यांतील पहिली अनेकदा येथेच थांबलेली असते.

डॉ. झिराड यांनी १९३७-३८ मध्ये मुंबई शहरातील अशा मृत्यूंच्या कारणांची चौकशी केली आणि तिचा अहवाल १९४१ मध्ये सरकारने छापला. आज हे वाचताना त्यात विशेष ते काय, असे वाटेल. विशेष हे की, मृत्यूच्या दाखल्यावरचा एक शब्द म्हणजे उत्तर नव्हे, असे धरून ही चौकशी चालते. दाखल्यावर 'रक्तस्राव' असे लिहिलेले असते. पण तो सुरू झाल्यावर इस्पितळात पोचावयास किती वेळ लागला? वाहन कोणी आणावयाचे यावर घरात किती वेळ गेला? गरोदरपणी तिला कोणी एकदा तरी तपासले होते काय? तिच्या अंगी मुळात रक्त होते काय? दाखल्यावर 'ताप' असे लिहिलेले असते. पण सुईणीचे हात धुतलेले होते काय? हात धुण्याने बाळंतज्वर टळतो हे सेमेलवाइस या डॉक्टरने व्हिएन्नात १८४७ मध्येच दाखवून दिले होते; ते ज्ञान व्हिएन्नाहून चाळीच्या अंधाऱ्या खोलीपर्यंत यावयास शंभर वर्षे पुरली नाहीत. प्रश्न असे एकामागून एक विचारीत गेले की 'नशीब' या शब्दाला जागा उरत नाही. आणि घरातील सर्वांनाच थोडे अवघडल्यासारखे होते. चौकशीचे कष्ट आकडे मोजण्यात नसतात, ते या अवघडलेपणात असतात.

अशा मृत्यूंमागे पंडुरोग, म्हणजे अंगी रक्त कमी असणे, हे पुनःपुन्हा दिसे. त्याची एक सुरस हकीकत मुंबईचीच आहे. लूसी विल्स नावाच्या विदुषी, झिराडबाई शिकल्या त्याच लंडनच्या विद्यालयातून आणि जवळजवळ त्याच वर्षांत शिकून निघालेल्या, १९२८ मध्ये मुंबईच्या हाफकिन संस्थेत आल्या. (ही संस्था ज्यांच्या नावाने आहे ते हाफकिन हेही यहुदीच, ओडेसाचे, मुंबईत प्लेगचा कहर चालू असता, ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत तयार केलेली लस त्यांनी १८९७ च्या जानेवारीत प्रथम स्वतःला टोचून घेतली होती.) गिरणीत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांचा पंडुरोग विल्सबाईंनी तपासला आणि त्यांना असे आढळले की, विलायतेत पावाला लावून खातात तो यीस्टचा स्वस्त अर्क दिला असता या बायका बऱ्या होतात. त्या अर्कात असे काय आहे याचा उलगडा १९४० च्या दशकात झाला: ते फॉलिक आम्ल. आज प्रत्येक आरोग्यकेंद्रात गरोदर स्त्रीला लोहाबरोबर जी गोळी देतात तिच्यात ते असते. आपल्या घरी ही गोळी तोंडाला कडवट लागते, शौचास काळी होते, म्हणून फडताळात पडून राहत असेल, तर सासूबाईंनी अथवा पतिराजांनी तिचा इतिहास एकदा आठवावा. परेलच्या गिरणगावातील बायकांच्या रक्ताने तो लिहिलेला आहे.

झिराडबाईंनी सुरू केलेल्या या पद्धतीला आपल्या देशात सर्वत्र रीतसर रूप यावयास फार काळ लागला. २०१० मध्ये केंद्र सरकारने प्रत्येक मातेच्या मृत्यूची चौकशी करण्याविषयी नियम घालून दिले. इस्पितळातील मृत्यूची इस्पितळात, आणि घरी वा वाटेत झालेल्या मृत्यूची त्या घरी जाऊन. तेव्हा अशा दुःखाच्या दिवसांत कोणी आरोग्यसेविका दारी येऊन 'कळा कधी सुरू झाल्या, गाडी कधी मिळाली' असे विचारू लागली, तर तिच्यावर रागावू नये. ती दोष द्यावयास आलेली नसते. शेजारच्या घरात जी सून सातव्या महिन्यात आहे, तिच्यासाठी ती विचारीत असते. त्या सुनेसाठी आणखी एक सोय २०१६ पासून झालेली आहे: दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरकडून विनामूल्य तपासणी होते. तीत रक्त, रक्तदाब व लघवी पाहतात. रक्तदाब वाढलेला आहे हे बाईला स्वतःला कळत नाही, आणि झटके येऊ लागल्यावर कळून फारसा उपयोग नसतो.

मधल्या काळात पुष्कळ झाले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. हजारी २० हा जो आकडा भोर समितीने दिला तो लाखी २,००० होतो. २०१८-२० या वर्षांत देशाचा आकडा लाखामागे ९७ पर्यंत उतरला. परंतु देशाचा एक आकडा म्हणजे सरासरी, आणि सरासरीने कोणाचे बाळंतपण होत नाही. त्याच वर्षांत केरळात तो १९ होता, आसामात १९५. झिराडबाईंनी उमेदीची वर्षे जेथे वेचली ती मुंबई ज्या राज्यात आहे त्या महाराष्ट्रात तो ३३ होता. आणि त्यांचे शिमोगा ज्या राज्यात आहे त्या कर्नाटकात ६९, दुपटीहून थोडा अधिकच.